केबिनला सहा दारं

गोऱ्या साहेबाला भिंत कशाला म्हणतात ते ठाऊकच नव्हतं. जिथे भिंत यायला हवी तिथे त्यानं दार ठोकलं, जिथे दार हवं तिथे खांब उभा केला, आणि जिथे काहीच नको होतं तिथे धुराड्याची शेकोटी बांधली. शेकोटी! ज्या गावात माणसं थंडीतसुद्धा पंखा लावून झोपतात तिथे प्रत्येक खोलीत एक शेकोटी. नकाशा त्यानं आपल्या देशात बसून काढला असणार, नाकातून पाणी गळत असताना.

तर अशा त्या इमारतीत आपल्या मुद्देसूदला केबिन मिळाली.

मुद्देसूद हे त्याचं ऑफिसातलं नाव. 'मुद्दा असा आहे' म्हणून तो बोलायला सुरुवात करायचा, आणि मुद्दा येईस्तोवर समोरच्याचा चहा गार व्हायचा. बढती झाली तेव्हा डायरेक्टरसाहेब म्हणाले, "आता तुम्ही सेक्शनचे प्रमुख. तुम्हाला केबिन देतोय." बास. मुद्देसूद घरी गेला तो जमिनीला पाय न लावता.

बायकोनं ही बातमी आधी आईला सांगितली, मग बहिणीला, मग बहिणीच्या नवऱ्याला मुद्दाम वेगळा फोन करून. हा बहिणीचा नवरा म्हणजे मुद्देसूदचा साडू, सगळ्या प्रकरणाचं मूळ. साडू काचेच्या इमारतीत कामाला. तिथे त्याला काचेची केबिन. दर भेटीत तो विचारणार, "काय साडूभाऊ, अजून हॉलमध्येच का?" वर खांद्यावर हात ठेवणार. तो हात मुद्देसूदला गेली कित्येक वर्षं झोपेत टोचायचा.

"सगळे पुढच्या महिन्यात, पहिल्या शुक्रवारी येतायत," बायको म्हणाली. "आई, ताई, भाऊजी. केबिन बघायला."

"केबिन काय बघायचीय? म्युझियम आहे का?"

"अहो, आईचा हट्ट आहे. जावयाला खुर्चीत बसलेलं बघायचंय तिला. आणि दार लावून घ्या तेव्हा. भाऊजींच्या केबिनचं दार आपोआप लागतं."

दार लावून घ्या! एवढंच हवं होतं मुद्देसूदला या जगात. एक खोली, एक दार, आणि ते लावलेलं.

आता ही केबिन कुठे होती ते नीट ऐका, नाहीतर पुढची बोंब कळायची नाही.

पोर्चमधून आत शिरलं की समोर एक अवाढव्य दगडी जिना. अर्ध्यावर मोठा चौथरा, आणि तिथून जिन्याला दोन हात फुटतात. एक हात डावीकडे वर जातो, कारकुनांच्या हॉलकडे. दुसरा उजवीकडे, टायपिंगच्या बायकांकडे. या दोन हातांच्या मधोमध, जिन्याच्या पाठीला, एक खोली. तिच्या डाव्या दारातून हॉलमध्ये जाता येतं, उजव्या दारातून टायपिंगकडे. हीच ती केबिन. दारं एकूण सहा, त्यातली चार कायम बंद. खिडकी एक, मागच्या बाजूला. कपाट ठेवायला भिंत शून्य.

गंमत पुढेच आहे. साहेब गेल्यावर आपल्या लोकांनी इमारतीत संडास बांधले. डोकं बघा: पुरुष सगळे डाव्या अंगाला बसतात, तर पुरुषांचा संडास उजव्या अंगाला. बायका उजवीकडे, तर बायकांचा डावीकडे. का? तर तिथे पाइप जवळ होता. म्हणजे साहेबानं केलं नाही ते वाटोळं आपण केलं आणि पूर्ण केलं.

पहिल्या दिवशी मुद्देसूद नवीन पेनस्टँड मांडून बसला. डाव्या दारातून हेड कॅशियर आला. पोट आधी, कॅशियर नंतर. हातात साबणाची डबी. "अभिनंदन हं," म्हणाला आणि उजव्या दारातून गेला. उजव्या दारातून टायपिस्टबाई आल्या, "छान आहे हो खोली, हवेशीर," म्हणून डाव्या दारातून गेल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खं ऑफिस त्याच्या टेबलाला वळसा घालून गेलं. प्रत्येकानं जाताना अभिनंदन केलं, आणि येताना ओला हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही दारांवर पाटी लावली: 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' लोक सज्जन. पाटी पाळली. आता प्रत्येक जण दारात थांबून विचारायला लागला, "येऊ का?" आणि मुद्देसूदला मान वर करून म्हणावं लागे, "या." एका ज्येष्ठ कारकुनाला मधुमेह होता. तो तर इतक्यांदा विचारायला लागला की मुद्देसूद शेवटी फोनवर डायरेक्टरसाहेबांनासुद्धा "या, या" म्हणाला.

मग त्यानं डाव्या दाराला लोखंडी कपाट लावलं. पलीकडून हेड कॅशियरनं दाराला पोट लावलं. कपाट सरकलं, आणि कपाटामागोमाग युनियनचा पुढारी आत आला. याला सगळे झिंदाबाद म्हणायचे. बारीक माणूस, आवाज मात्र भोंग्याचा.

"मुद्देसूदराव, हे काय चाललंय? ही वहिवाट आहे! पूर्वापार!"

"मुद्दा असा आहे," मुद्देसूद म्हणाला, "की ही माझी केबिन आहे."

"तुमची केबिन काल झाली. लोकांची लघवी त्याच्या आधीपासून आहे."

पण मुद्देसूदनं घरून विचार करून आणला होता. "अहो, जिना आहे ना! डाव्या हातानं चार पायऱ्या उतरा, चौथऱ्यावर वळा, उजव्या हातानं चार पायऱ्या चढा. माझ्या खोलीतून जाण्यापेक्षा जवळ पडतं!"

टंकलेखन थांबलं. झिंदाबादचासुद्धा आवाज उतरला.

"कुठला जिना?"

"हा. समोरचा."

"तो साहेबाचा जिना आहे," झिंदाबाद म्हणाला.

"कुठल्या साहेबाचा?"

"साहेबाचा म्हणजे साहेबाचा."

"अहो, साहेब गेला! तुमचे आजोबा लहान होते तेव्हा बोटीत बसून गेला. परत यायचा नाहीये!"

"ते ठीक आहे," झिंदाबाद म्हणाला. "पण म्हणून जिन्यावरून जायचं?"

इथे जरा थांबून खरं ते सांगायला हवं. त्या ऑफिसात त्या जिन्यावर कुणीही पाय ठेवत नव्हतं. बंदी नव्हती. कायदा नव्हता. पाटीही नव्हती. डायरेक्टरसाहेब लिफ्टनं यायचे. बाकी सगळे इमारतीच्या पाठीमागच्या गोल लोखंडी जिन्यानं. तो जिना साहेबानं पाणक्या आणि झाडूवाल्यांसाठी लावलेला, एका माणसाला तिरकं चढता येईल एवढा. हेड कॅशियर त्यात वर्षातून दोनदा अडकायचा आणि त्याला खालून ढकलायला लागायचं. पण ढकलणारे ढकलायचे आणि अडकणारा अडकायचा. समोर हत्ती चढेल एवढा जिना मोकळा! पोर्चमध्ये स्टुलावर एक पट्टेवाला बसायचा. तो रोज सकाळी जिन्यावरच्या पितळी कड्या घासायचा. कड्या गालिचा अडकवायला होत्या. गालिचा उंदरांनी कधीच खाल्ला होता. कड्या आरशासारख्या.

साहेबानं दगड मागे ठेवला आणि आपले लोक त्याच्याभोवतीनं वळसा घालत राहिले. साहेबाला एवढी गुलामी फुकटात मिळेल असं माहीत असतं तर तो पोलीस ठेवायचा खर्चही वाचवता.

घरी शेजाऱ्यांनी सल्ले दिले. ते न मागता येतात, पाहुण्यांसारखे. समोरचे रिटायर्ड ओव्हरसियर म्हणाले, "दाराला पडदा लावा. माणूस पडद्याला लाजतो." मुद्देसूदनं पडदा लावला. लोकांनी त्याला हात पुसले. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "तुम्हीच चिडचिडा चेहरा करून बसा ना." बायको म्हणाली, "काकू, यापेक्षा जास्त कसा करणार?"

शेवटी ओव्हरसियरनी पक्का उपाय सांगितला. "बांधकाम खात्याला लिहा. डावं दार कायमचं बंद करून मागा." मुद्देसूदनं लिहिलं. बांधकाम खातं म्हणालं, इमारत जुनी आहे, आम्ही खिळाही मारू शकत नाही, वारसा समितीला विचारा. आणि नवल म्हणजे वारसा समितीनं दोन दिवसांत माणूस पाठवला. बाई होत्या. मोठा चष्मा, मोठी झोळी, आणि दगड दिसला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"काय प्रपोर्शन आहे!" बाई छताकडे बघून म्हणाल्या. छत इतकं उंच की दिवा गेला तर बंबवाल्यांची शिडी आणावी लागायची.

"मॅडम, मुद्दा असा आहे की हे दार..."

"शू," बाई म्हणाल्या. "बोलू नका. बघा. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. काय सिमेट्री! तुमचं टेबल हलवा बरं जरा. मधे येतंय."

टेबल हलवलं. मग खुर्ची मधे येत होती. मग मुद्देसूद मधे येत होता. तो शेकोटीत जाऊन उभा राहिला.

बाईंनी एकेका दारावर टकटक केली आणि हसल्या. "यातली चार दारं खोटी आहेत, माहितीये? मागे भिंतच आहे. नुसती शोभेला."

मुद्देसूदचं तोंड उघडंच राहिलं. आजवर तो समजत होता की चार दारांना कुलूप आहे आणि किल्ली साहेबाबरोबर गेली. त्यातल्या एका दाराच्या फटीतून वारा येतो म्हणून त्यानं कागदही कोंबले होते.

"आणि या खोलीत काय असायचं, ठाऊक आहे?" बाई कौतुकानं म्हणाल्या. "बूट! साहेब वर आला की इथे चिखलाचे बूट काढायचा, दुसरे घालायचा. बुटांची खोली. किती विचार केला होता!"

दाराबाहेर हेड कॅशियर साबण घेऊन थांबला होता. त्यानं ऐकलं. चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या ऑफिसनं ऐकलं. तेव्हापासून लोक विचारायला लागले, "बुटात साहेब आहेत का?"

समितीचं उत्तर पाहुणे यायच्या आदल्या बुधवारी आलं. खऱ्या दारांना हात लावता येणार नाही, सिमेट्री बिघडते. मात्र अर्जदाराची अडचण लक्षात घेऊन उत्तरेकडचं एक खोटं दार कायमचं बंद ठेवायला समिती विशेष परवानगी देत आहे.

म्हणजे मागे भिंत असलेलं दार बंद ठेवायची परवानगी! मुद्देसूदनं ते उत्तर दोनदा वाचलं आणि मग सरळ सुताराकडे गेला.

सुतार म्हणाला खिळा मारू. खिळा वाकला. दुसरा वाकला. तिसरा उडाला आणि पेनस्टँडमध्ये पडला. "साहेब, हे लाकूड नाही," सुतार म्हणाला, "हा सूड आहे." मग त्यानं दाराला हातच लावला नाही. डाव्या दाराच्या बाजूच्या चौकटींत दोन लोखंडी कोंडे बसवले, आणि त्यांत आडवा लाकडी अडसर टाकला. जाडजूड, किल्ल्याच्या दरवाजाला असतो तसा. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर काम झालं. मुद्देसूदनं अडसर टाकला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. इतकं बरं त्याला लग्नातही वाटलं नव्हतं.

शुक्रवार उजाडला. दार बंद. सकाळी पलीकडून पोटाचा एक धक्का आला. अडसर हलला नाही. दुसरा धक्का. मग झिंदाबादचा आवाज, "वहिवाट! वहिवाट!" मुद्देसूदनं उजवं दारही आतून लोटून घेतलं आणि कधी नव्हे ते खुर्चीत मागे रेलला. मनात म्हणाला, आता जातील जिन्यावरून. नाक मुठीत धरून जातील. जाणार कुठे?

तेवढ्यात पाहुणे आले. पुढे साडू, मागे मेहुणी, मग बायको, शेवटी काठी टेकत सासूबाई.

"काय हो हा जिना, जावईबापू!" सासूबाई धापा टाकत पण खुशीत म्हणाल्या. "राजवाड्यात आल्यासारखं वाटलं."

मुद्देसूदचा चेहरा उतरला. "तुम्ही... समोरच्या जिन्यानं आलात?"

"मग काय खिडकीतून यायचं?"

"पट्टेवाल्यानं अडवलं नाही?"

"तो उभाच राहिला बिचारा. मी म्हटलं बस."

साडूनं खोलीभर नजर फिरवली. सहा दारं मोजली. शेकोटी बघितली. हात खांद्याच्या दिशेनं निघाला होता, पण अर्ध्यावर थांबला. छत बघून त्याची मान मागेच राहिली. "बरीच मोठी आहे हो," साडू म्हणाला. आवाजात ते काचेचं काहीतरी तडकल्यासारखं. "आमच्याकडे एवढी उंची नसते."

"मुद्दा असा आहे," मुद्देसूद पाय लांब करत म्हणाला, "की दार लावलं की बाहेरचं काही..."

"ते कोण?" मेहुणीनं विचारलं.

खिडकीबाहेर हेड कॅशियर होता.

खोली पहिल्या मजल्यावर. खिडकीखाली दगडी छज्जा, वीतभर रुंद, शोभेचा. त्यावर साहेबानं ओळीनं दगडी सिंहांची डोकी बसवलेली. हेड कॅशियर भिंतीला पोट चिकटवून, एका सिंहाचा कान सोडून दुसऱ्या सिंहाचा कान धरत, इंचाइंचानं डावीकडून उजवीकडे चालला होता. दातांत साबणाची डबी. मुद्देसूदशी नजरानजर झाली तेव्हा त्यानं अदबीनं मान लववली. त्याच्यामागे मधुमेहवाले ज्येष्ठ कारकून, डोळे मिटून. त्यांच्यामागे आणखी चार जण. आणि समोरून, उजवीकडून डावीकडे, टायपिस्टबाई येत होत्या. खिडकीच्या अगदी मधोमध दोघांची गाठ पडली.

"तुम्ही मागे व्हा," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"मागे पाच माणसं आहेत, बाई," कॅशियर दातांतल्या डबीतून म्हणाला. "तुम्हीच व्हा."

"लेडीज फर्स्ट!" मागून झिंदाबाद ओरडला. तो स्वतः छज्ज्यावर नव्हता. हॉलच्या खिडकीतून नेतृत्व करत होता.

साडूनं हळूच विचारलं, "हे लोक... बाहेरून का जातायत?"

"डागडुजी चाललीय," मुद्देसूद म्हणाला.

"कॅशियरकडून?"

आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई काठीवर जोर देऊन उठल्या. "जावईबापू, इथे जायचं कुठे असतं?"

बायकांचा संडास डावीकडे. डाव्या दाराला अडसर. पण उपाय तर समोर होता! तोच, जो त्यानं हॉलभर ओरडून सांगितला होता. उजव्या हातानं चार पायऱ्या उतरायचं, चौथऱ्यावर वळायचं, डाव्या हातानं चार पायऱ्या चढायचं.

"चला," तो म्हणाला आणि उजव्या दारातून बाहेर पडून जिन्याच्या तोंडाशी आला.

खाली पितळी कड्या चमकत होत्या. खाली पट्टेवाला स्टुलावरून उठला. वर बघायला लागला. अडवलं नाही, बोलला नाही, नुसता बघत राहिला. मुद्देसूदनं पाय उचलला. पाय हवेत राहिला. आजवर हा माणूसही पाठीमागच्या गोल जिन्यानंच चढत होता, हे सांगायचं राहिलं. लोकांना सांगताना त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं. आता आलं. पाय खाली येईना. जणू पायाला त्या पायरीची ओळखच नव्हती.

"काय झालं?" सासूबाई.

"ते... पायरी निसरडी आहे."

"मी आत्ताच चढले की!"

"इकडून जवळ आहे," तो म्हणाला. मागे वळला, खोलीत आला आणि साडूच्या डोळ्यांदेखत त्यानं अडसर काढला.

सासूबाई जेमतेम पलीकडे गेल्या आणि मग धरण फुटलं. छज्ज्यावरचे परत हॉलच्या खिडकीतून आत उड्या मारून दाराकडे धावले. टायपिंगच्या बायका उजवीकडून घुसल्या. टेबल सरकलं, पेनस्टँड आडवा झाला. मेहुणी भिंत शोधत खोट्या दाराला चिकटली आणि ते उघडेल या आशेनं त्याची कडी ओढत राहिली. साडू शेकोटीत उभा. मधुमेहवाले जाताना त्याला म्हणाले, "नवीन का? सवय होईल."

"तुमच्याकडे दार आपोआप लागतं ना, भाऊजी?" बायको साडूला म्हणाली. पण कुणालाच ऐकू गेलं नाही.

थोड्या वेळानं मुद्देसूद गर्दीतून डोकं काढून बघतो तर सासूबाई संडासातून बाहेर आल्या होत्या. त्यांनी खोलीतली ती खेचाखेच पाहिली, नाक मुरडलं, आणि "या उकिरड्यातून कोण जाणार?" म्हणून सरळ हॉल ओलांडून जिन्याकडे निघाल्या. काठी टकटक. डाव्या हातानं उतरल्या. चौथऱ्यावर उभ्या राहिल्या. जरा श्वास घेतला. पदर सावरला.

हॉलमधला एक कारकून उठून उभा राहिला. मग शेजारचा. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज सगळीकडून. हेड कॅशियर उभा, झिंदाबाद उभा, टायपिस्टबाई उभ्या. खाली पट्टेवाला ताठ. मुद्देसूदनं उजव्या दाराशी येऊन पाहिलं तेव्हा तोही बाजूला सरकून, हात पोटापाशी जुळवून उभा होता. आपण असे का उभे आहोत हे त्याला कळत होतं आणि तरी तो उभाच होता.

सासूबाई उजवा हात चढून वर आल्या. सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"काय मेलं उभं राहायचंय?" त्या म्हणाल्या. "बसा!"

आणि सगळे बसले.